आधी तिळगूळ, मग अर्ज: मिक्स वस्तीत गल्ली एकत्र आणून कामं कशी करून घ्यायची

आमच्या गल्लीच्या एका टोकाला तमिळ घरं आहेत, मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची मराठी माणसं, समोरच्या पट्ट्यात आझमगढ-जौनपूरकडचे टेलर आणि जरीवाले, कोपऱ्यावर फाळणीनंतर आलेली दोन पंजाबी घरं, आणि आता मागच्या बाजूला टॉवर झालाय त्यात गुजराती, मल्याळी, बंगाली सगळेच. हार्बर लाइनच्या स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. मुंबईत अशा गल्ल्या शेकड्यांनी असतील, म्हणून लिहितेय. गेली काही वर्षं आम्ही इथे कार्यक्रमही करतो आणि वॉर्ड ऑफिसमधून कामंही करून घेतो, त्यामुळे बाजूच्या गल्लीतल्या बायका येऊन विचारतात, ताई तुम्ही नक्की कसं केलंत, आणि दर वेळी तोंडी सांगताना निम्मं राहून जातं. आज बसून सगळं लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. आपल्याकडे कार्यक्रम आणि तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी समजतात. गणपती, नवरात्र, ईद, चर्चची फीस्ट दणक्यात होतात आणि पाणी आलं नाही की ज्याची त्याची एकट्याची तक्रार, ज्याची त्याची एकट्याची फेरी. मग वॉर्डातला माणूस म्हणतो, "तुमच्या एकट्याचीच कम्प्लेंट आहे, बाकी कोणाची नाही." या दोन्ही गोष्टी एकमेकांना बांधा. जे एकत्र बसून जेवलेत ते एकत्र सही करतात, आणि जे एकमेकांना नावाने ओळखत नाहीत ते सहीचा कागद बघितला की दार लोटून घेतात, हे मी स्वतः दारोदार फिरून बघितलंय.

यात नवीन काही नाही. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो आणि त्या काळी लोकांना एकत्र आणून चार गोष्टी बोलता याव्यात हाच त्यामागचा विचार होता. गोरेगावात मृणाल गोरेंनी पाण्यासाठी बायका गोळा केल्या, लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणायला लागले, आणि १९७२ ला अहिल्या रांगणेकर आणि त्यांनी मिळून महागाईविरुद्ध लाटणं मोर्चा काढला, म्हणजे घराघरातली लाटणी थेट रस्त्यावर आली. आपल्या शहराला हे येतं.

आधी गल्ली ओळखा

कार्यक्रम ठरवायच्या आधी दोन-तीन संध्याकाळी नुसतं फिरा. वही घेऊन. कुठल्या घरात कोणती भाषा, कामाच्या वेळा काय, भाडेकरू कोण, म्हातारी माणसं एकटी कुठे राहतात, व्हीलचेअर कोणाकडे आहे. भाडेकरूंना विसरू नका, बऱ्याच ठिकाणी मालकांचीच मीटिंग होते आणि पाणी भरणारा मात्र भाडेकरू असतो.

मग गल्लीचा विश्वास कोणावर आहे ते शोधा. तो माणूस बहुतेक वेळा मंडळाचा अध्यक्ष नसतो. आमच्याकडे तो इस्त्रीवाला निघाला, कारण प्रत्येक घरात त्याचं जाणं-येणं, आणि दुसऱ्या म्हणजे अंगणवाडीच्या बाई. सकाळी इडली विकणाऱ्या अक्का तिसऱ्या. या तिघांना आधी सांगितलं की निम्म्या गल्लीला कळतं. अक्कांना मराठी-तमिळ-हिंदी तिन्ही येतात, त्यामुळे त्या नुसत्या सांगत नाहीत तर समजावतात.

वेळ ठरवताना खूप काळजी घ्या, इथेच चुकतं. शुक्रवारी दुपारी नमाज, रविवारी सकाळी चर्च, पाणी यायची वेळ असेल तर बायका येणारच नाहीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी, इंडियाची मॅच असेल तर कोणीच नाही. रविवारी मेगाब्लॉक असला की बाहेर गेलेली माणसं अडकतात. टेलर लोकांना ईदच्या आधीचे तीन आठवडे मान वर करायला वेळ नसतो. आम्ही शेवटी शनिवार संध्याकाळ साडेसहा ते नऊ धरलं. तुमच्याकडे वेगळं निघेल, विचारल्याशिवाय ठरवू नका.

पहिला कार्यक्रम कोणता

माझं स्पष्ट मत आहे की पहिला कार्यक्रम एका धर्माचा मोठा सण असू नये. म्हणजे तो बंद करायचा नाही, तो ज्याचा त्याचा चालू राहू दे, पण सगळ्यांनी पहिल्यांदा एकत्र यायचं तर असं काहीतरी घ्या ज्यात कोणीच पाहुणा नाही. आम्हाला संक्रांतीचा आठवडा सापडला. १३ जानेवारीला लोहडी, १४-१५ ला संक्रांत, पोंगल आणि गुजरात्यांची उत्तरायण, म्हणजे गल्लीतल्या निम्म्या घरांत तसंही काहीतरी शिजतच असतं. फक्त ते पातेलं उचलून खाली आणायचं. पंजाबी आंटींनी रेवडी आणि शेंगदाणे, अक्कांच्या घरून वेण पोंगल, आमचे तिळाचे लाडू आणि गुळपोळी, टॉवरमधून उंधियो. टेलरांच्या पट्ट्यातल्या चाचांकडे त्या दिवशी काही सण नव्हता, त्यांनी स्वतःहून सगळ्यांसाठी सुलेमानी चहा केला, मोठं भगोणं भरून, आणि तो नऊच्या आधी संपला.

हळदीकुंकू करणार असाल, जे रथसप्तमीपर्यंत चालतं, तर ते सगळ्यांचं करा. विधवा बायकांना बोलवा, त्यांना वाण द्या, तिळगूळ द्या, आणि ज्यांना कुंकू लावायचं नाही त्यांना नुसता तिळगूळ आणि हातात हात. आमच्याकडे पहिल्या वर्षी एक मावशी जिन्यातच थांबल्या होत्या, "मी नाही येत गं, बरं दिसत नाही." त्यांच्या सुनेनेच खाली आणलं. आता वाण काय द्यायचं हे त्याच ठरवतात. वाण म्हणून एकदा आम्ही शिट्टी दिली होती, साधी स्टीलची, रात्री क्लासवरून येणाऱ्या मुलींसाठी, आणि शाळेमागच्या वळणावरच्या लाइटचा विषय तिथूनच सुरू झाला.

जेवणाचं: शाकाहारी आणि मांसाहारी टेबल वेगळी, चमचे वेगळे, प्रत्येक पातेल्यासमोर चिठ्ठी कशात काय आहे ती. जैन घरं असतील तर कांदा-लसूण नसलेलं एक तरी. हलाल आहे का हे विचारायला लागू नये, आधीच लिहून ठेवा. याच्यावर वाद घालण्यात अर्थ नाही, आपल्याला ताटावरून भांडायचं नाहीये. पहिल्या वर्षी फक्त शाकाहारी ठेवलं तरी चालेल, पण ते "सोयीसाठी" म्हणून सांगा, "शुद्ध" वगैरे शब्द वापरू नका. तो शब्द समोरच्याला लागतो.

भाषा: बोर्ड मराठी आणि हिंदीत, आणि तुमच्याकडे ज्या भाषा आहेत त्यात. आम्ही तमिळ आणि उर्दूही करतो, हाताने लिहून, मुलांकडून. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी वीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज. अक्कांच्या आवाजातला तमिळ मेसेज गेला त्या वर्षी त्या टोकाची घरं पहिल्यांदा पूर्ण आली.

परवानग्या

सोसायटीच्या किंवा चाळीच्या आवारात, माइक न लावता, खुर्च्या टाकून बसणार असाल तर कमिटीला सांगितलं की झालं. रस्त्यावर मांडव टाकायचा असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते, त्यात पोलीस आणि ट्रॅफिकची ना हरकत येते, म्हणून महिनाभर आधी सुरुवात करा. माइक असेल तर पोलीस ठाण्याची लाउडस्पीकर परवानगी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ माइक बंद, हे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्टाच्या १०० मीटरमध्ये शांतता क्षेत्र. आम्ही माइक लावतच नाही. तान्ही बाळं आणि बायपास झालेले काका दोन्ही गल्लीत आहेत.

रस्त्याला खड्डे पाडू नका, आणि ॲम्ब्युलन्स जाईल एवढी जागा मोकळी सोडा. टेप घेऊन मोजा. विजेसाठी कोणाच्या तरी मीटरवरून वायर ओढू नका, तात्पुरतं कनेक्शन मिळतं, आणि छोट्या कार्यक्रमाला तर कोणाच्या घरातला एक साधा बोर्ड पुरतो.

पैसे घरटी ५०, कोणाला जमत नसेल तर काम करा. हिशोब दुसऱ्याच दिवशी जिन्याच्या भिंतीवर लावा, लाडवाच्या गुळापासून कागदी प्लेटपर्यंत, आणि उरलेले पैसे किती आणि कोणाकडे तेही. पैशांवरून एकदा संशय आला की पुढच्या वर्षी माणसं येत नाहीत. पक्षाकडून किंवा बिल्डरकडून पैसे घ्यायचे नाहीत हा आमचा नियम आहे. बॅनर लावला की गल्लीतले निम्मे लोक घरात राहतात आणि नंतर त्याच माणसाविरुद्ध अर्ज करायची वेळ आली तर सही करायला हात थरथरतो. बोलवायचं असेल तर सगळ्या पक्षांच्या लोकांना बोलवा, पाहुणे म्हणून, आणि खाली सतरंजीवर बसवा.

टिकल्यांचा नकाशा

हे आम्ही कसं शिकलो ते सांगते, कारण यानेच सगळं बदललं. पहिल्या वर्षी मी उत्साहाने कागद फिरवला, "आपल्या समस्या लिहा." अकरा जणांनी लिहिलं, त्यातले नऊ टॉवरमधले, सगळे पार्किंगबद्दल. ज्यांना पाणी येत नव्हतं त्यांनी काहीच लिहिलं नाही, काहींना लिहिता येत नव्हतं, काहींना मराठीत लिहायची लाज वाटली.

पुढच्या वर्षी मुलांनी चार कार्डशीट जोडून गल्लीचा नकाशा काढला. प्रत्येक जिना, नळ, लाइटचा खांब, कचऱ्याचा डबा, चाचांचं दुकान, मशीद, मारियम्मनचं छोटं देऊळ, सगळं. आणि बाजूला टिकल्यांची पाकिटं. लाल टिकली म्हणजे पाणी, हिरवी म्हणजे अंधार, निळी म्हणजे गटार किंवा कचरा, पिवळी म्हणजे इथे भीती वाटते. जिथे त्रास आहे तिथे चिकटवा, नाव लिहायचं नाही, बोलायचं नाही. लहान मुलांनीही लावल्या.

दीड तासात नकाशा भरला. आणि आम्ही सगळे त्याच्यासमोर उभे राहिलो तेव्हा दिसलं की गल्लीच्या शेवटच्या भागात, म्हणजे तमिळ घरं आणि टेलरांच्या पट्ट्याकडे, लाल टिकल्यांचा नुसता गठ्ठा झालाय आणि आमच्या बाजूला एकही लाल नाही. मी या गल्लीत वीस वर्षं राहतेय. मला माहीतच नव्हतं की पन्नास पावलांवर पहाटे पाणी करंगळीएवढं येतं. आणि शाळेमागच्या वळणावर एका जागी तेवीस हिरव्या-पिवळ्या टिकल्या एकावर एक, सगळ्या मुलींनी लावलेल्या.

म्हणून सांगते, फॉर्म वाटू नका. नकाशा काढा. आणि त्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरवा की यावर्षी कोणतं एक काम घ्यायचं. एक. जास्तीत जास्त दोन, एक सोपं आणि एक अवघड. आम्ही वळणावरचा लाइट सोपा म्हणून घेतला आणि पाणी अवघड म्हणून. सोपं आधी करायचं कारण ते झालं की लोकांना पटतं, आणि मग अवघडाला माणसं टिकतात.

जागा कोणाची, खातं कोणतं

मुंबईत निम्मी फरपट इथे होते. रस्ता महापालिकेचा, की म्हाडाचा, की रेल्वेचा, की पोर्टचा, की कलेक्टरचा, हे आधी शोधा नाहीतर सहा महिने चुकीच्या टेबलावर जातात. रस्त्यावरचे दिवे शहर भागात बेस्टकडे, उपनगरात बहुतेक अदानीकडे, भांडुप-मुलुंडकडे महावितरणकडे. खांबावर नंबर असतो, तो टिपून घ्या, नंबर दिला की त्यांना फाटे फोडायला जागा राहत नाही. आमच्या वळणावरचा दिवा खांब नंबर आणि रात्रीचा फोटो दिल्यावर काही दिवसांत लागला.

महापालिकेत आपल्याला लागतो तो प्रशासकीय वॉर्ड, ए पासून टी पर्यंत अक्षरं आहेत ती. जी नॉर्थमध्ये दादर-माहीम-धारावी, एल म्हणजे कुर्ला, एम ईस्ट म्हणजे गोवंडी-मानखुर्द, असे. निवडणुकीचे प्रभाग वेगळे, ते २२७. वॉर्डाचा मुख्य म्हणजे सहाय्यक आयुक्त, ज्यांना आपण वॉर्ड ऑफिसर म्हणतो. त्यांच्या खाली रस्ते-गटारांसाठी मेंटेनन्स, कचऱ्यासाठी घनकचरा, पाण्यासाठी जलखातं, डास-उंदरांसाठी कीटकनाशक. तुमच्या भागाचा ज्युनिअर इंजिनीअर म्हणजे जेई कोण आणि सफाईचा मुकादम कोण, एवढं माहीत करून घ्या. नगरसेवकाकडे जरूर जा, पण फक्त त्यांच्यावर बसू नका. ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ सगळा कारभार प्रशासकाकडे होता, तेव्हा ज्यांना टेबलं माहीत होती त्यांचीच कामं झाली.

तक्रार अशी करायची

महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर फोन करा, तक्रार नंबर घ्या, वहीत तारखेसह लिहा. नंबर नाही तर तक्रार नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. एकाच दिवशी दहा घरांतून एकाच विषयाची तक्रार जाऊ दे, प्रत्येकाचा वेगळा नंबर.

मग लेखी अर्ज, दोन प्रती, मराठीत, एका पानात. वर विषय, मग जागा अगदी नेमकी (अमुक इमारतीसमोर, खांब नंबर अमुक), कधीपासून, काय हवंय, आधीचे तक्रार नंबर, खाली सह्या. एक प्रत आवक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारीख-आवक नंबर घेऊन पोच आणा. पोच घेतल्याशिवाय हलू नका, "साहेब आले की देतो" म्हणाले तरी. सह्या त्यांच्या त्यांच्या भाषेत चालतात. आमच्या अर्जावर देवनागरी, तमिळ, उर्दू, इंग्लिश आणि तीन अंगठे आहेत, आणि तो कागद बघून समोरचा माणूस सावरून बसतो, कारण हे एका गटाचं काम नाही हे वाचायच्या आधीच कळतं.

पाण्याचं आमचं असं झालं की तीनदा तक्रार केली आणि तिन्ही वेळा "निवारण झाले" असा मेसेज आला, कोणी बघायलाही आलं नव्हतं. राग येतो, खूप येतो. चाचा म्हणाले मोर्चा काढू. पण मुंबईत मोर्चा-धरणं म्हणजे आझाद मैदान आणि पोलीस परवानगी, आणि आमचा प्रश्न पन्नास पावलांचा. अक्का म्हणाल्या, वही ठेवू.

शेवटच्या भागातल्या सहा घरांनी २१ दिवस वही ठेवली. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, किती हंडे भरले. कोणी मराठीत, कोणी तमिळ आकड्यांत, एका घरातल्या सातवीतल्या मुलाने आजीसाठी पहाटे उठून लिहिलं. सोबत आमच्या बाजूच्या तीन घरांचीही वही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोणाला काही समजवायला लागलं नाही: तीच पाइपलाइन, तोच वेळ, इकडे टाकी भरतेय आणि तिकडे चार हंडे. ती वही बघून जलखात्याचे इंजिनीअर पहाटे पाचला चावीवाल्याला, म्हणजे पाण्याचे वॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या माणसाला, घेऊन आले. गल्लीच्या मध्यावर वॉल्व्ह अर्धाच उघडत होता आणि त्याच्या पुढे दोन घरांनी लाइनला मोटर लावल्या होत्या. वॉल्व्ह बदलला. मोटरचं आपण आपसात सोडवलं, तक्रार न करता, घरी जाऊन, वही दाखवून. त्यातलं एक घर माझ्या नात्यातलं होतं, बोलायला जड गेलं, पण बोलले.

ज्यांच्याकडे नळाचं कनेक्शनच नाही अशी घरं तुमच्याकडे असतील तर "ते अनधिकृत आहेत" म्हणून त्यांना सोडून देऊ नका. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलंय की घर कायदेशीर नाही म्हणून माणसाला पाणी नाकारता येत नाही.

माहिती अधिकार

काम अडलं की माहिती अधिकाराचा अर्ज. २००५ चा कायदा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून छोटं लिहा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे "आमचं काम का केलं नाही" असं विचारणं. "का" ला उत्तर मिळत नाही. कागद मागा. असं लिहा: तक्रार क्रमांक अमुकवर दिनांक अमुक ते अमुक या काळात केलेल्या कारवाईच्या नोंदी, पाहणी अहवाल आणि तक्रार बंद करतानाचा शेरा, यांच्या प्रती मिळाव्यात. बस. कामाच्या जागेची आणि फाइलची पाहणी करायचाही हक्क आहे, तो मागा, फाइल समोर बसून बघितली की खूप काही कळतं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. तरी नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. अर्ज एकाच माणसाच्या नावाने सारखा करू नका, आळीपाळीने करा, म्हणजे एकावर दबाव येत नाही.

साहेबांना भेटायला जाताना

पाच माणसं, जास्त नको. वेगवेगळ्या घरांतली, निम्म्या तरी बायका, एक भाडेकरू, आणि ज्याला त्रास होतोय तो स्वतः. बोलायचं कोणी हे आधी ठरवा, आणि त्रास होणाऱ्यालाच बोलू द्या, त्याला मराठी तुटकं येत असलं तरी, आपण मधे पडून त्याचं वाक्य पूर्ण करायचं नाही. आमच्या भेटीत अक्का हिंदी-मराठी मिसळून बोलल्या, "साहेब, चार हंडे. घरात सात माणसं. तुम्ही सांगा." त्याच्यापुढे मी तयार केलेलं पत्रक कोणी वाचलंच नाही.

शेवटी तारीख मागा. "बघतो", "करून देतो" म्हणजे काही नाही. कोण येणार, कधी येणार, नाव लिहून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी एक पत्र द्या, "काल झालेल्या चर्चेप्रमाणे आपण अमुक तारखेला पाहणी करणार असं सांगितलं", आणि त्याचीही पोच घ्या. काम झालं की आभाराचं पत्रही द्या, त्या चावीवाल्याच्या नावासकट. तो पहाटे आला होता.

एएलएम म्हणजे ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट, हे पण बघा. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांच्या कचऱ्याच्या कामातून नव्वदच्या दशकात हे सुरू झालं आणि महापालिकेने ते उचललं. गल्लीची नोंदलेली समिती असली की वॉर्डात बसून बोलायला जागा मिळते. फक्त माझा अनुभव असा की त्यात बिल्डिंगवालेच जास्त येतात, चाळ आणि झोपडपट्टीतले कमी, म्हणून समिती करताना आधीच ठरवून घ्या की प्रत्येक पट्ट्यातला एक माणूस असणार.

जिथे आपसातच भांडण आहे

सगळ्यांचं एकमत होईल असे विषय थोडे. टॉवरवाल्यांनी एकदा मागणी आणली, फेरीवाले हटवा. मी उभं राहून नाही म्हटलं. इडलीच्या अक्का फेरीवाल्याच आहेत, आणि त्यांच्याकडचा नाश्ता टॉवरमध्येही जातो. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती आहे आणि तिच्यात किमान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी असायला हवेत असं लिहिलंय, म्हणजे हा प्रश्न हाकलण्याचा नाही, जागा ठरवण्याचा आहे. आम्ही खडूने फुटपाथवर रेघ मारली, रेघेच्या आत गाड्या, बाहेर चालायला वाट, आणि ती अजून पाळली जाते. शेजाऱ्याचं पोट जाईल अशी मागणी गल्लीच्या नावाने करायची नाही, हे पहिल्याच मीटिंगमध्ये लिहून ठेवा.

वातावरण तापलेलं असताना काय करायचं तेही शांत असताना ठरवा. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईत मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, सतीश सहानी तेव्हा पोलीस आयुक्त होते, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरोंसारखी माणसं पुढे आली, आणि त्यांनी पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्यात क्रिकेटच्या मॅच लावल्या. ज्याच्यासोबत आपण मॅच खेळलोय त्याला फोन करणं सोपं जातं, एवढी साधी गोष्ट आहे ती. आमच्या ग्रुपवर नियम आहे: ग्रुप फक्त गल्लीच्या कामाचा, धर्माबद्दलचा फॉरवर्ड आला तर ॲडमिन काढणार, मग तो कोणाच्याही बाजूचा असो, आणि अफवा आली की आधी चाचांना आणि आमच्या काकांना दोघांना फोन, ते दोघं एकत्र जाऊन बघून येणार, मग ग्रुपवर एक ओळ. ॲडमिन चार आहेत, चार वेगवेगळ्या घरांतले.

काम झालं किंवा अडलं, दोन्ही वेळा लोकांना सांगा. त्याच नकाशावर. आमचा नकाशा अजून जिन्यात लावलाय, ज्या जागचं काम झालं तिथल्या टिकल्या काढून आम्ही तारीख लिहितो. लाल टिकल्यांची जागा आता मोकळी आहे, खाली तारीख आहे. निळ्या तशाच आहेत, गटाराचं चालू आहे, तीन पोच आणि एक अपील झालंय.

फाइल एकाच घरात ठेवू नका. आम्ही दर संक्रांतीला ती पुढच्या घराला देतो, वाणासारखीच, वही, पोच, तक्रार नंबर, चाव्यांचा जुडगा आणि उरलेल्या टिकल्यांची पाकिटं. यावर्षी ती टेलरांच्या पट्ट्यात गेली. भाभींना मराठी वाचता येत नाही म्हणून त्यांची आठवीतली मुलगी रात्री बसून एकेक कागद वाचून दाखवते आणि मागच्या बाजूला पेन्सिलने उर्दूत लिहिते की हा कशाचा आहे.